त्वचेची अ‍ॅलर्जी : ओळखावी कशी, उपचार करावा कोणता?

माणसाच्या शरीरातील सर्वात मोठा अवयव कोणता, असा प्रश्न विचारला तर बहुतेक मंडळी काळीज, फुफ्फुस किंवा आतडे असे उत्तर देतात. वास्तविक हा मान त्वचेकडे जातो. प्रौढ माणसाच्या अंगावर सुमारे दीड ते दोन चौरस मीटर त्वचा असते आणि ऊन, पाऊस, धूळ, साबण, सिमेंट, रंग, मलम या सगळ्यांशी पहिली गाठ तिचीच पडते. पोट बिघडले तर ते घरच्यांना सांगावे लागते. त्वचा बिघडली तर सांगण्याआधीच चारचौघांना दिसते. त्यामुळे त्वचेच्या विकारात दुखण्यापेक्षा लाजेचा भाग पुष्कळदा अधिक असतो. लाजेपोटी माणूस आधी लपवतो, मग मेडिकलच्या दुकानातून ट्यूब आणतो, आणि डॉक्टरकडे जातो तो सर्वात शेवटी.

आम्ही वैद्यकीय व्यवसायातले नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने हा विषय का हाती घ्यावा, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. वस्तीत ज्याला इंग्रजी फॉर्म भरता येतो त्याच्याकडे लोक डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागदही वाचून घ्यायला येतात. असे कागद वाचता वाचता आमच्या लक्षात आले की, अंगावर उठणाऱ्या पुरळाविषयी जेवढे गैरसमज आहेत तेवढे क्वचितच दुसऱ्या आजाराविषयी असतील. म्हणून वाचून आणि जाणकार डॉक्टरांना विचारून जे समजले ते येथे मांडत आहोत. आजार ओळखता यावा आणि योग्य दारी लवकर जाता यावे, एवढाच हेतू आहे. औषध ठरवण्याचे काम डॉक्टरांचेच.

अ‍ॅलर्जी म्हणजे काय?

'अ‍ॅलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रथम वापरला. आपल्याकडे त्यासाठी 'वावडे' हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. शरीराची संरक्षण व्यवस्था जंतूंशी लढण्यासाठी असते. परंतु कधीकधी ती निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजते, त्याची ओळख मनात धरून ठेवते आणि तो पुन्हा भेटला की त्याच्यावर तुटून पडते. या लढाईत नुकसान होते ते आपल्याच त्वचेचे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अ‍ॅलर्जी होण्यासाठी त्या पदार्थाशी आधी ओळख झालेली असावी लागते. म्हणून "दहा वर्षे हीच चप्पल घालतोय, आजच कशी बाधेल?" हा युक्तिवाद टिकत नाही. ही ओळख शरीराला दहा दिवसांत पटते किंवा दहा वर्षांनीही पटते. एकदा पटली की मात्र सहसा जन्मभर विसरत नाही.

त्वचेवर अ‍ॅलर्जी मुख्यतः दोन रूपांत दिसते आणि ही दोन्ही रूपे अगदी वेगळी आहेत. पहिली म्हणजे गांधी. अंगावर पित्त उठले असे आपण म्हणतो ते हेच. लालसर, फुगीर, प्रचंड खाजणाऱ्या गाठी काही मिनिटांत उठतात, इकडून तिकडे सरकतात, आणि प्रत्येक गांध चोवीस तासांच्या आत मागे काहीही खूण न ठेवता मावळते. दुसरी म्हणजे स्पर्शाने होणारा त्वचेचा दाह, ज्याला डॉक्टर 'कॉन्टॅक्ट डर्मटायटिस' म्हणतात. ही सावकाश येते. पदार्थ लागल्यावर एक ते तीन दिवसांनी त्या जागी लाली, खाज, बारीक पाणीदार फोड दिसू लागतात, लस येते, खपली धरते. दुखणे जुने झाले की कातडी जाड, काळपट आणि भेगाळलेली होते. ही दिवसेंदिवस एकाच जागी ठाण मांडून बसते. साधी परीक्षा म्हणजे उठलेल्या एका चट्ट्याभोवती पेनाने रेघ मारावी आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. चट्टा गायब असेल तर गांधी; तेथेच असेल तर दुसरे काही.

गांधीविषयी थोडक्यात सांगतो. कारण कधी मासे, अंडी, शेंगदाणे असे खाणे असते, कधी वेदनाशामक किंवा पेनिसिलीनसारखे औषध, कधी कीटकाचा दंश, कधी सर्दीतापाचा संसर्ग. पुष्कळ वेळा कारण सापडतच नाही, आणि त्यात डॉक्टरांचा दोष नसतो. आपल्या घरांत आमसुलाचा कोळ अंगाला लावतात. थंडावा वाटतो, अपाय नाही. औषध म्हणून सेटिरिझिनसारखी हिस्टामीनविरोधी गोळी उपयोगी पडते. ती घेतल्यावर काहींना झोप येते, म्हणून रिक्षा चालवणाऱ्यांनी आणि यंत्रावर काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना आपला धंदा आधी सांगावा. सहा आठवड्यांपेक्षा अधिक काळ रोज गांधी उठत असतील तर तज्ज्ञाकडे जावे.

परंतु गांधी उठता उठताच ओठ, जीभ किंवा गळा सुजला, आवाज बसला, दम लागला, पोटात कळा येऊन उलटी झाली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो त्वचेचा आजार राहिला नाही. तो जिवावरचा प्रसंग समजावा. आमसूल, गोळी, लिंबू-मीठ यांत वेळ दवडू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात न्यावे. मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनालीनचे इंजेक्शन हाच त्यावरचा खरा इलाज आहे. तोवर रोग्याला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत, दम लागत असेल तर बसू द्यावे, उभे करून चालवू नये. तसेच नवीन औषध सुरू केल्यावर अंगभर पुरळ येऊन तोंड सोलवटले, डोळे लाल झाले किंवा कातडीवर मोठे फोड आले, तर ते औषध घेऊन तडक रुग्णालय गाठावे. औषधाची अशी बाधा क्वचित होते, परंतु झाली तर फार भयंकर असते.

एका शब्दाने केलेला घोटाळा

आता आमच्या मूळ विषयाकडे वळू. आमच्या परिचयातील एक गवंडी. पंधरा-सोळा वर्षे हातात थापी. दोन्ही हातांच्या पाठीवर आणि बोटांच्या मध्ये कातडी फाटून लस येऊ लागली. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर कोणी मराठीत 'स्पर्शजन्य त्वचारोग' असे लिहून दिले होते. तो कागद घरी पोचला आणि घरात वेगळे ताट, वेगळा पेला सुरू झाला. मुकादमाने "बरा होऊन ये" म्हणून परत पाठवले. चहाच्या टपरीवर त्याला काचेच्या पेल्याऐवजी कागदी कपात चहा मिळू लागला. शिवाशिवीचा अर्थ काय असतो हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे त्यांच्याच घरात एका शब्दाने हे घडवले. कागद आमच्याकडे आला तेव्हा आम्ही तज्ज्ञांना विचारले. अर्थ अगदी उलटा निघाला. 'स्पर्शजन्य' म्हणजे सिमेंटच्या स्पर्शाने त्याला झालेला. त्याच्या स्पर्शाने दुसऱ्याला होणारा रोग तो 'संसर्गजन्य'. अ‍ॅलर्जीचा कोणताही पुरळ एकाचा दुसऱ्याला होत नाही. एका ताटात जेवा, एकाच टॉवेलाने अंग पुसा, मूल मांडीवर घ्या; तो लागत नाही. आमचे तर म्हणणे आहे की, मराठीतून हा शब्द काढून 'वावड्याचा पुरळ' असेच लिहावे.

सिमेंटमध्ये क्रोमियम या धातूचे पाण्यात विरघळणारे क्षार अत्यल्प प्रमाणात असतात. अ‍ॅलर्जी त्यांची येते. शिवाय ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्याने ते कातडी भाजते ते वेगळेच, आणि भाजलेल्या कातडीतून क्रोमियम आत शिरायला वाट मिळते. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळले तर या क्रोमियमचा उपद्रव खूप कमी होतो. डेन्मार्कने १९८३ मध्ये हे सुरू केले आणि युरोपीय संघाने २००५ पासून असे क्रोमियम दहा लाखांत दोन भागांच्या आत ठेवण्याचे बंधन घातले. उपाय महागडा नाही, हे यावरून कळते. आपल्या गवंड्याने मात्र आज काय करावे? जाड आणि आतून कापडी अस्तर असलेले हातमोजे घालावेत, आणि मोज्यात सिमेंटचे पाणी शिरले तर मोजे लगेच काढून हात धुवावेत. कारण आत अडकलेले सिमेंट उघड्या हातापेक्षा जास्त भाजते. सिमेंट कालवलेल्या घमेल्यातच हात खळखळून 'धुण्याची' सवय सोडावी. कामानंतर स्वच्छ पाण्याने हात धुवून खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावे. चामडे कमावण्यासाठीही क्रोमियमच वापरतात, म्हणून अशा माणसाला कातडी चप्पल आणि बूट यांचाही त्रास होऊ शकतो. पावलांच्या वरच्या बाजूला चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा पुरळ दिसला की ओळखावे.

गाजरगवत : पुण्यापासून पसरलेले संकट

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयातला सर्वात मोठा खलनायक म्हणजे गाजरगवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी, कोणी पांढरफुली. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळचे उष्ण अमेरिकेतले. भारतात त्याची ठळक नोंद झाली ती पुण्याच्या परिसरात, आणि ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हातून त्याचे बी आले असे सर्वत्र सांगितले जाते. पीएल-४८० चा करार १९५६ चा, आणि गवत पुण्यात त्याआधीच दिसलेले, हे पाहता ही कहाणी वाटते तितकी सरळ नसावी. ते काही असो. एका झाडाला हजारो बिया धरतात, त्या वाऱ्यावर, पाण्यावर, गाडीच्या चाकाला चिकटून जातात, आणि थोड्याच दशकांत या गवताने रेल्वेचे रूळ, पडीक जमिनी, शाळांची मैदाने आणि आमच्यासारख्यांच्या वस्त्यांमागचे नाले काबीज केले. पुण्याच्या रुग्णांवरून या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे सविस्तर वर्णन १९७४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांत आले.

या गवताच्या पानांवरील बारीक लव, फुले आणि परागकण यांत 'पार्थेनिन' नावाचे द्रव्य असते. गवत उपटताना हाताला लागले तर बाधते हे कोणालाही पटेल. परंतु ते सुकून त्याचा चुरा झाला तरी द्रव्य नष्ट होत नाही. चुरा वाऱ्यावर उडतो आणि ज्याने गवताला कधी हातही लावला नाही त्याच्या तोंडावर, मानेवर येऊन बसतो. म्हणून रोगी छातीठोक सांगतो, "मी गवतात जातच नाही." त्याचे म्हणणे खरे असते, आणि रोग तरीही गवताचाच असतो.

ओळखण्याची खूण अशी. पुरळ उघड्या भागांवर असतो : चेहरा, पापण्या, मानेच्या बाजू, गळ्याखालचा व्ही आकाराचा भाग, आणि त्याच्या जोडीला जेथे घामाबरोबर धूळ साचते तेथे, म्हणजे कोपराच्या व गुडघ्याच्या मागच्या घडीत. उन्हामुळे होणाऱ्या पुरळाशी याचा घोळ होतो. फरक पाहायचा तर आरशासमोर उभे राहून हनुवटीखाली, कानामागे आणि वरच्या पापणीवर पाहावे. या जागी ऊन पोचत नाही, म्हणून उन्हाच्या पुरळात त्या बहुधा वाचतात. धूळ सगळीकडे पोचते, म्हणून गवताच्या पुरळात त्या सुटत नाहीत. शेतावर आणि उघड्यावर काम करणाऱ्या, मध्यम वयाच्या पुरुषांत हा आजार अधिक दिसतो. सुरुवातीला उन्हाळा-पावसाळ्यात जोर करतो, हिवाळ्यात ओसरतो. पुढे बारमाही होतो. काहींना नंतर नुसत्या उन्हाचेही वावडे होते. तोंडाची कातडी जाड होऊन सुरकुत्या पडतात, आणि अशा चेहऱ्याकडे पाहून गावात लोक कुष्ठरोगाची कुजबूज करतात. येथे सांगितले पाहिजे की, कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही आणि तेथे स्पर्श कळेनासा होतो. गवताचा पुरळ माणसाला रात्रभर खाजवून जागा ठेवतो. कुष्ठरोगाचीही भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो.

गाजरगवताच्या रोग्याने परगावी पंधरा दिवस राहून पाहावे. तेथे आराम पडला आणि घरी परतताच पुन्हा सुरू झाले, तर निदानाला मोठी मदत होते. बाहेरून आल्यावर तोंड, मान, हात सौम्य साबणाने धुवून कपडे बदलावेत, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, धुतलेले कपडे गवताजवळच्या दोरीवर वाळत घालू नयेत. याच कुळातील शेवंती आणि सूर्यफूल यांचाही अशा माणसाला त्रास होऊ शकतो, तेव्हा हार-तुऱ्यांच्या समारंभात जपावे. आजार पसरलेला असेल तर डॉक्टर काही काळ स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा 'अझाथायोप्रिन' देतात. पुष्कळांना त्यामुळे चांगला आराम पडतो. पण वरचेवर रक्त तपासून घेणे त्यात बंधनकारक आहे, मनाने चालू-बंद करण्याची ही औषधे नव्हेत.

गवताचाच नायनाट करायचा तर एकट्याने होत नाही, सगळ्या वस्तीने मिळून करावा लागतो. पावसाळ्यात जमीन ओली असताना आणि फूल धरण्यापूर्वी ते मुळासकट उपटावे. फुले आल्यावर उपटणे म्हणजे बी पेरणेच. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच, आणि ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने श्रमदानाच्या दिवशी दुसरे काम घ्यावे. रिकाम्या जागी टाकळ्याचे बी टाकले तर तो वाढून गाजरगवताला दाबतो. बंगळूर येथे १९८४ मध्ये मेक्सिकोहून एक लहानसा भुंगा आणून सोडण्यात आला, जो हेच गवत खातो. पावसाळ्यात पिवळसर पाठीवर काळ्या नक्षीचा हा किडा गवतावर दिसला तर त्याला मारू नये.

टिकली, डाय, बिब्बा आणि इतर

स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्या जागी खाज व लाली येते ती बहुधा टिकलीच्या मागील डिंकामुळे. त्यात 'पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल' या रसायनापासून बनवलेली राळ असते. हे रसायन कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशींनाही मारते. म्हणून कधी खाज न येताही टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग उमटतो आणि घरात 'कोड' म्हणून रडारड सुरू होते. लग्नाच्या मुलीचे स्थळ अशा डागावरून मोडल्याचे आम्हास ठाऊक आहे. खाज-लाली सुरू होताच टिकली सोडावी. डाग पडलाच तर तो भरून यायला महिने लागतात, क्वचित राहूनही जातो, परंतु त्याचे कारण कपाळाला चिकटवलेल्या वस्तूत आहे, रक्तात किंवा कुळात नाही.

खोट्या दागिन्यांतील निकेल कान, मनगट आणि गळा येथे बाधते. पँटच्या धातूच्या बटणामुळे बेंबीखाली उठणारा पुरळ हाही निकेलचाच. आमच्या खात्यात नोटा मोजताना बोटाला रबरी टोपी घालतात. रबरातील रसायनांमुळे तीच बोटे सोलवटलेली आम्ही पाहिली आहेत.

केसांच्या डायची गोष्ट आमच्या वयाच्या मंडळींनी विशेष लक्षात घ्यावी. काळ्या डायमध्ये आणि तथाकथित काळ्या मेंदीत 'पॅरा फिनिलीन डायअमीन' असते. याची अ‍ॅलर्जी डोक्यावर कमी आणि कपाळाची कड, कान, मान व पापण्यांवर जास्त दिसते. पापण्या सुजून डोळे उघडेनासे होतात. 'अमोनियारहित' असे छापलेले खोके म्हणजे हे द्रव्य नसलेले, असे मुळीच नाही. ते अमोनिया नसलेले असते, इतकेच. डाय लावण्यापूर्वी दोन दिवस कानामागे थेंबभर लावून पाहण्याची सूचना खोक्यावरच असते, ती पाळावी. आणि एकदा डोळे सुजले असतील तर पांढऱ्या केसांशी समेट करावा.

बिब्बा तर आपल्या ओळखीचाच. गुडघा दुखला, पाय मुरगळला की बिब्ब्याचा डाग देण्याची पद्धत अजून आहे. त्याच्या तेलाने कातडी भाजते आणि कित्येकांना तीव्र अ‍ॅलर्जीही येते. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर नेमक्या त्या खुणेखाली फोड येत, तेव्हा डॉक्टरांनी या विकाराला धोब्याचेच नाव दिले. आंब्याचा चीक आणि कोकणात काजू फोडताना हाताला लागणारे टरफलाचे तेल हीही त्याच कुळातली भावंडे आहेत.

सर्वात आश्चर्याची गोष्ट म्हणजे जखमेवर लावायचे मलमच पुष्कळदा अ‍ॅलर्जीचे कारण असते. निओमायसिन आणि नायट्रोफ्युराझोन असलेली मलमे यात पुढे आहेत. जखम बरी होत नाही म्हणून आणखी मलम, आणि मलमामुळे जखम चिघळते, असे चक्र सुरू होते.

उपचारात काय करावे, काय टाळावे

कारण दूर केल्याखेरीज कोणतेही औषध टिकाऊ आराम देत नाही. त्यानंतरचे तत्त्व सोपे आहे. पुरळ ओला असेल, लस वाहत असेल तर स्वच्छ थंड पाण्यात भिजवलेल्या सुती फडक्याच्या घड्या दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे ठेवाव्यात. सुकला की मग मलम. सुरुवातीलाच घट्ट मलम थापले तर लस आत कोंडते. डेटॉल तसेच ओतणे, रॉकेल, लसणाचा लेप, लिंबू, चुना हे सगळे आगीत तेल आहे. लसूण ठेचून बांधल्याने फोड येतात हे लक्षात ठेवावे.

डॉक्टर स्टिरॉइडचे मलम देतात ते योग्यच आहे. बोटाच्या शेवटच्या पेराएवढे मलम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ते दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहरा, काख, जांघ येथे सौम्य मलम आणि थोडेच दिवस लावावे. घोटाळा होतो तो दुकानातून परस्पर आणलेल्या ट्यूबने. गजकर्णावर ती लावली की खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. चेहऱ्यावर महिनोन्महिने गोरेपणासाठी लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे 'अनुसूची एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. दुकानदार चिठ्ठी मागतो का, हे वाचकांनीच पाहावे. दर पंधरवड्याला एक इंजेक्शन घेऊन "जादूसारखा फरक" पडतो तेही बहुधा स्टिरॉइडच असते. त्यानंतर पुरळ दुप्पट जोराने परततो आणि मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांचे नुकसान होते. इंजेक्शन कसले, हे विचारण्याचा रोग्याला हक्क आहे.

खरूज आणि अ‍ॅलर्जी यांतही गल्लत होते. रात्री खाज वाढणे, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती बारीक पुरळ, आणि घरातील एकापेक्षा अधिक जणांना तीच तक्रार, असे असेल तर ती खरूज. तेथे सगळ्या घराला एकाच वेळी औषध लावावे लागते, आणि ती मात्र खरोखर लागते.

पथ्याविषयी आमचे स्पष्ट मत आहे. पुरळ दिसला की घरातील वडीलधारी वांगे, सुकट, बोंबील, अंडी, डाळ सगळे बंद करतात. सिमेंट, टिकली, डाय किंवा गवत यांच्या अ‍ॅलर्जीचा खाण्याशी बहुधा काहीही संबंध नसतो. पुरळ लागणीनंतर एक-दोन दिवसांनी उठत असल्यामुळे काल काय खाल्ले याकडे बोट जाते, हे खरे गमक आहे. कष्ट करणाऱ्या माणसाच्या ताटातील स्वस्तातले पौष्टिक अन्न असे विनाकारण काढून घेऊ नये. विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर तासा-दोन तासांत दर वेळी गांधी उठत असतील, तर तो पदार्थ तेवढा वर्ज्य करावा.

नेमके कारण शोधण्यासाठी 'पॅच टेस्ट' नावाची तपासणी आहे. योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी ती १८९५ मध्ये मांडली आणि आजही तिला पर्याय नाही. संशयित पदार्थांचे अत्यल्प अंश छोट्या चकत्यांत घालून पाठीवर पट्टीने चिकटवतात. आपल्याकडे त्यासाठी 'भारतीय मानक मालिका' असून तीत क्रोमियम, निकेल, डायमधील द्रव्य, रबरातील रसायने यांबरोबर गाजरगवतही आहे. सुई टोचावी लागत नाही. रक्त काढून केलेल्या महागड्या 'अ‍ॅलर्जी प्रोफाइल'ने स्पर्शाच्या अ‍ॅलर्जीचे कारण कळत नाही, तेव्हा त्यावर हजारो रुपये घालवण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. पुष्कळ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागात पॅच टेस्ट होते. पुरळ भडकलेला असताना किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना ती करीत नाहीत, कारण निकाल चुकतो.

जाताना रोज वापरातील वस्तू एका पिशवीत घालून न्याव्यात : टिकलीचे पाकीट, डायचे खोके, आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, कामाचे हातमोजे, रोजची चप्पल. पट्टी सहसा सोमवारी लावतात, बुधवारी काढून पाठ पाहतात आणि गुरुवारी किंवा शुक्रवारी पुन्हा एकदा पाहतात, कारण काही खुणा उशिरा उमटतात. तोवर पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असे काम करायचे नाही. रोजंदारीवरच्या माणसाचे यात चार-पाच खाडे पडतात. वर सांगितलेल्या गवंड्याने ते दिवाळीच्या सुटीला जोडून घेतले. निकालाच्या कागदावर क्रोमियमपुढे दोन अधिक चिन्हे आली, आणि तो कागद त्याने मुकादमाला नेऊन दाखवला. हल्ली तो त्याच ठेकेदाराकडे फरशी मापण्याचे आणि लाकडी साचे बसवण्याचे काम करतो.